भाचा एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) अडकला आहे, इंदूरच्या जाणकारांनी मार्ग सांगावा

रामबागचा_मामा · १२ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी वाचायला येतो. आज हात थरथरताहेत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बहिणीचा बावीस वर्षांचा मुलगा खंडव्याहून इथे शिकायला आला आहे. भंवरकुआंजवळ तिघं मुलं मिळून एका किरायाच्या खोलीत राहतात. रविवारी रात्री आठ-साडेआठला पोलीस आले. पलंगाखालून एक पिट्ठू बॅग काढली, त्यात १ किलो २०० ग्रॅम गांजा मिळाला असं लिहिलं आणि दोघांना घेऊन गेले. तिसरा मुलगा गावी गेला होता. भाच्याच्या अंगझडतीत फक्त मोबाइल आणि ३१० रुपये निघाले. सोमवारी कोर्टात हजर केलं, तिथून जेल.

[इथला एक परिच्छेद काढला आहे.]

बहीण दोन दिवस जेवलेली नाही. एक ओळखीचा माणूस म्हणतो, पहिलीच वेळ आहे, गुन्हा कबूल करायला लावा, दंडावर सुटेल. दुसरा म्हणतो, "वरपर्यंत बोलतो, दीड लाख तयार ठेवा." मला यातलं काही कळत नाही. पहिलं पाऊल कोणतं टाकू?

वकील_स्नेहलतागंज · १३ ऑगस्ट, सकाळी ६:५५

मामा, सगळ्यात आधी तुमच्या पोस्टमधला तो परिच्छेद काढा, भाच्याने जेलच्या मुलाखतीत तुम्हाला काय सांगितलं तो. बॅग कोणाची, कोणाला काय माहीत होतं, यातलं अवाक्षर इथे नको. वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं. इथे लिहिलेलं उद्या सरकारी वकिलाच्या हातात जाऊ शकतं. काढलंत की कळवा, मग सविस्तर लिहितो.

रामबागचा_मामा · १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

काढलं साहेब. उपकार झाले.

वकील_स्नेहलतागंज · १३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मी इंदूरच्या कोर्टात बरीच वर्षं या कायद्याच्या केसेस चालवतो आहे. तुमच्या केसचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून सर्वसाधारण सांगतो.

कबुलीचा सल्ला देणाऱ्याला हात जोडा आणि परत पाठवा. १९८५च्या या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोच्या आत असेल तर अल्प मात्रा, २० किलोच्या वर गेला की वाणिज्यिक, उरलेलं सगळं मधलं. अल्प मात्रेला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. वाणिज्यिकला किमान १० आणि कमाल २० वर्षं. तुमच्याकडे १२०० ग्रॅम लिहिलंय, म्हणजे मधलं. इथे नुसत्या दंडावर सुटका नाही. १८ वर्षांवरच्या मुलाला परिविक्षेचा (चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) लाभसुद्धा कलम ३३ मिळू देत नाही. बावीस वर्षांच्या पोराने घाबरून "हो" म्हटलं की आयुष्यभराचा डाग लागतो, आणि पुढे पुन्हा कधी नाव आलं तर शिक्षा दीडपट होऊ शकते.

याच वजनात दिलासाही आहे. जामिनासाठी कलम ३७ची जी भिंत सगळे सांगतात (न्यायाधीशाला "हा दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे" असं वाटलं पाहिजे), ती मुख्यतः वाणिज्यिक मात्रेला आणि १९, २४, २७अ या कलमांना आहे. मधल्या मात्रेत जामीन नेहमीच्या तत्त्वांवर मागता येतो. वाणिज्यिकमध्ये चालान (आरोपपत्र) द्यायला पोलिसांना १८० दिवस मिळतात, तुमच्यासारख्या केसमध्ये ६०. साठाव्या दिवशीही चालान आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण तो मागावा लागतो. चालान कोर्टात पोचण्याआधी अर्ज लागला पाहिजे. कॅलेंडरवर आजच खूण करा.

आता १२०० ग्रॅम म्हणजे नेमकं काय, ते बघा. बॅगेसकट की बॅग सोडून? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. जब्ती पत्रकात "डंठल, पत्ती, बीजयुक्त" (देठ, पानं, बियांसकट) असं काही लिहिलं असेल तर तो शब्द सोन्याचा आहे. १२०० आणि १००० यांत फक्त दोनशे ग्रॅमचं अंतर आहे, आणि त्या दोनशे ग्रॅमवर दहा वर्षं की एक वर्ष हे ठरतं.

पुढची गोष्ट, झडती राहत्या खोलीची आणि सूर्यास्तानंतरची. म्हणजे कलम ४२ आलं. मुखबिराची (खबऱ्याची) खबर आधी लिहून काढायला हवी, ७२ तासांच्या आत ती वरिष्ठांकडे पोचायला हवी, आणि वॉरंटविना रात्री शिरायचं तर तसं का करावं लागलं हेही लिहायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९मध्ये कर्नैल सिंहच्या केसमध्ये सांगितलं की उशीर झाला तर समाधानकारक खुलासा चालेल, पण अजिबात पालन नसेल तर चालणार नाही. रोजनामचा सान्ह्याची (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीची) प्रत यासाठीच मागायची.

तिघांची खोली आहे. ताबा कोणाचा? कलम ३५ आणि ५४ आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरतात हे खरं, पण २००८च्या नूर आगा निकालापासून हे पक्कं आहे की ताब्याची पायाभूत गोष्ट आधी सरकारने सिद्ध करायची, ओझं त्यानंतर आरोपीकडे येतं. म्हणून किरायानामा, ठाण्यात दिलेली किरायेदाराची माहिती, किल्ल्या किती आणि कोणाकडे, कोणता पलंग कोणाचा, हे सगळं आज गोळा करा.

आणि कॅमेरे! खासगी दुकानांची रेकॉर्डिंग पंधरा-वीस दिवसांत पुसली जाते. धावा.

सराफ्याचा_शेजारी · १३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

दीड लाख मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. आमच्या नात्यात दिले होते. तो माणूस नंतर फोन उचलेनासा झाला आणि वकिलाची फी भरायला बायकोचे पाटल्या-बिलवर गेले.

मोरारचे_काका · १३ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५

ग्वाल्हेरहून लिहितो. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय इथे आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. मी आयुष्य त्याच खात्यात काढलं, बहुतेक गोदामात आणि नमुन्यांच्या नोंदींत. म्हणून माझी नजर आपोआप वजनाकडे आणि सीलकडे जाते.

मामा, कागद मिळाले की एवढं पाहा. तौल (वजनाच्या) पंचनाम्यातलं वजन, मालखान्याच्या (जप्त माल ठेवतात त्या खोलीच्या) रजिस्टरमधलं वजन आणि दंडाधिकाऱ्यांपुढे केलेल्या मोजणीतलं वजन शेजारी शेजारी मांडा. ओला गांजा वाळला की हलका होतो, त्यामुळे थोडा फरक नैसर्गिक आहे. पण वजन वाढलेलं दिसलं तर त्याचा खुलासा कोणालातरी द्यावाच लागेल. मग सील. कोणत्या छापाचं, त्याचा नमुना वेगळ्या कागदावर आहे का, एफएसएलने (न्यायवैद्यक प्रयोगशाळेने) आलेलं सील त्याच्याशी जुळवलं का, आणि जप्तीपासून एफएसएलपर्यंत पाकीट कोणाकोणाच्या हातात होतं.

नमुना कुठे काढला तेही बघा. पूर्वी जागेवरच काढत. मोहनलालच्या २०१६च्या निकालाने आणि डिसेंबर २०२२च्या नियमांनी आता तो दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचा असतो, दोन प्रतींत, गांजाचा प्रत्येकी २४ ग्रॅम. आपल्या मध्य प्रदेशात "समरस पंचनामा" करायची सवय आहे, म्हणजे सगळ्या पुड्या एकत्र कालवून मग नमुना. बॅगेत एकापेक्षा जास्त पुड्या असतील आणि त्या कालवल्या असतील, तर कोणत्या पुडीत काय होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

वकील_स्नेहलतागंज · १३ ऑगस्ट, रात्री ९:०५

काकांचं सोळा आणे खरं, पण एक सावधगिरी. कलम ५२अ (दंडाधिकाऱ्यांसमोर मोजणी आणि नमुना, ते हेच) मोडलं की आरोपी आपोआप सुटतो, असं आता राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४च्या काशिफ निकालात त्या एकाच चुकीवर जामीन मिळत नाही असं म्हटलंय. जानेवारी २०२५च्या भारत आंबाले निकालात सांगितलंय की त्या चुकीमुळे जप्तीबद्दलच शंका उभी राहते का, ते पाहायचं. म्हणून एका कलमावर सगळा बचाव टांगू नका. वेळ, वजन, सील, पंच, सगळं मिळून चित्र उभं करायचं.

बडोदेकर_७० · १४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

कलम ५०बद्दल कोणी कसं बोललं नाही? आमच्या गुजरातच्याच विजयसिंह चंदुभा जाडेजा केसमध्ये २०१०ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की झडतीआधी आरोपीला "राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा तुझा हक्क आहे" हे स्पष्ट कळवलंच पाहिजे. "माझीच झडती घे, माझी ना नाही" असा तिसरा पर्याय छापलेल्या फॉर्मवर सह्या घेतात, तो चालत नाही. बडोद्याला माझ्या ओळखीत एक मुलगा एवढ्यावर सुटला.

वकील_स्नेहलतागंज · १४ ऑगस्ट, सकाळी ११:००

बरोबर आहे, पण ते अंगझडतीला. माल अंगावरून निघाला असेल तेव्हा ५० हे सगळ्यात धारदार हत्यार. बॅगेला आणि खोलीला ते लागत नाही. २००५च्या पवन कुमार निकालापासून ते ठरलेलं आहे, २०२३मध्ये पुन्हा सांगितलं गेलं. मामांच्या केसमध्ये माल पलंगाखालून दाखवलाय. इथे ४२ बघायचं.

जुनी_इंदूर_गल्ली · १४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी वाचतो आहे आणि मला त्रास होतोय. आमच्या गल्लीत दोन पोरं ब्राउन शुगरने गेली. त्यातलं एक माझ्या मांडीवर खेळलेलं होतं. विकणारे दर वेळी कोणत्या तरी कागदाच्या चुकीवर सुटतात आणि परत त्याच नाक्यावर उभे राहतात. तुम्ही सगळे सुटायचे रस्ते सांगताय. त्या पोरांच्या आयांना काय सांगू?

सुदामानगरची_आई · १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

दादा, मी तशीच आई आहे, म्हणून मी बोलते.

माझा मुलगा चार वर्षं त्यात होता. घरातली भांडी विकली, माझ्या अंगावर हात टाकला. एकदा पुडीसकट पकडला गेला. त्या पुडीत ५ ग्रॅमपेक्षा कमी होतं म्हणून ती अल्प मात्रा ठरली. कोर्टात एका वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं की कलम ६४अ म्हणून काही आहे. व्यसनी माणसाकडे अल्प मात्रा असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्य केंद्रात उपचार घेऊन पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जातं. माझ्या मुलाने दोनदा सोडायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी दारात आडवी झोपले. आज तो कामाला जातो.

ज्या पोराने विकलं त्याच्यावर माझाही राग आहे, मरेपर्यंत राहील. पण माझ्या मुलाबरोबर त्याच कोठडीत एक मुलगा होता, त्याच्या स्कूटरच्या डिक्कीत कोणीतरी पुडी टाकली होती. त्याची आई माझ्याशेजारी बाकावर बसायची. तिच्या हातात त्या कागदांशिवाय काहीच नव्हतं.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फोन आहे. कोणाला लागला तर लागू दे.

जुनी_इंदूर_गल्ली · १४ ऑगस्ट, रात्री ८:४०

ताई, तुमचं वाचून थांबलो. नंबर गल्लीच्या फलकावर लिहितो.

नीमचची_सून · १६ ऑगस्ट, दुपारी १:२५

मामांच्या धाग्यात घुसते आहे, क्षमा करा. माझं सासर नीमचचं, तिकडे अफूचे पट्टे (लागवडीचे सरकारी परवाने) असलेली घरं आजूबाजूला. एका गाडीत ६८ किलो डोडा चुरा (अफूच्या बोंडांचा चुरा) पकडला. ड्रायव्हरने मेमोमध्ये (पोलिसांनी लिहून घेतलेल्या बयानात) माझ्या दिराचं नाव घेतलं. दीर तेव्हा इंदूरला आमच्याकडे होते. त्यांच्याकडून काही जप्त झालेलं नाही. आता घरी रोज पोलीस येतात. पळून जा असं सगळे म्हणताहेत.

वकील_स्नेहलतागंज · १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताई, पळू देऊ नका. फरार लिहिलं गेलं की चांगली केसही बिघडते.

डोडा चुऱ्याची वाणिज्यिक सीमा ५० किलो, म्हणजे तुमच्याकडे कलम ३७ची भिंत उभी आहे. पण दिरांच्या विरुद्ध काय आहे हे पाहा. पोलिसांपुढे सहआरोपीने घेतलेलं नाव हा मुळात पुरावा नाही. पोलिसांना दिलेल्या बयानातला तेवढाच भाग चालतो ज्यातून नवी वस्तू सापडली. नार्कोटिक्सच्या अधिकाऱ्यापुढे कलम ६७खाली दिलेली कबुलीसुद्धा २९ ऑक्टोबर २०२०च्या तोफान सिंह निकालानंतर पुरावा म्हणून धरत नाहीत. नुसतं मेमोतलं नाव, जप्ती काही नाही, अशा स्थितीत उच्च न्यायालयं जामीन देतात, अटकपूर्वही कधी कधी देतात.

पण ड्रायव्हरशी त्यांचे फोन असतील, खात्यात पैसे आले-गेले असतील, तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका. फोन का होते याचं खरं कारण आज सांगितलं तर त्याचा बचाव होतो. सहा महिन्यांनी सीडीआरमधून (फोन कॉलच्या नोंदींतून) निघालं तर कोणी ऐकत नाही. इंदूरला असल्याचा पुरावा म्हणून टोल, यूपीआय, दवाखान्याची पावती, जे असेल ते काढा.

रामबागचा_मामा · २० ऑगस्ट, रात्री १०:५०

मंडळी, आठ दिवसांत काय झालं ते सांगतो.

वकील ठरवले. बहिणीच्या यजमानांची ऐपत नाही म्हणून आधी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात गेलो होतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे मला तिथे कळलं. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. शेवटी मामेभावांनी पैसे उभे केले आणि आम्ही आपला वकील लावला, पण दुसऱ्या मुलाची आई विधवा आहे, तिला मी तिथे घेऊन गेलो. त्याला मिळालेला वकील मन लावून काम करतोय.

भाच्याची ग्रंथालयातली हजेरी मिळाली. किरायानामा मिळाला. घरमालकाने आधी दार उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी उघडलं.

खोलीसमोर किराणा दुकान आहे, त्याच्या कॅमेऱ्यात गल्ली दिसते. दुकानदार हात जोडून म्हणाला, "भाईसाब, पुलिस के लफडे में हमको मत डालो." त्याचं चूक नाही, रोज त्याच ठाण्याच्या हद्दीत त्याला दुकान उघडायचंय. मी तीन दिवस संध्याकाळी जाऊन नुसता बसायचो. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "लडका कितने साल का है?" मी म्हटलं बावीस. तो आत गेला आणि मशीन काढून आणली. त्याचाही मुलगा तेवढाच आहे.

कागदात लिहिलेली वेळ आणि त्या कॅमेऱ्यातली वेळ जुळत नाही, एवढंच इथे लिहितो. बाकी लिहायला वकिलांनी मनाई केली आहे.

वकील_स्नेहलतागंज · २० ऑगस्ट, रात्री ११:२०

उत्तम. आता दोन गोष्टी. नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी चालत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट) हवं. मूळ डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन) जपून ठेवायला दुकानदाराला सांगा. दुसरं, ठाण्याचे कॅमेरे. परमवीर सिंह सैनीच्या डिसेंबर २०२०च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि निदान एक वर्षाची साठवण हवी. ते रेकॉर्डिंग आणि छापा टाकणाऱ्या पथकाचं टॉवर लोकेशन सुरक्षित ठेवण्याचा अर्ज कोर्टात आत्ताच लावा. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असतं असा युक्तिवाद समोरून येणारच, त्याला उत्तर टॉवर लोकेशन देईल.

झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे करावं लागतं. ते कुठे आहे, हे लेखी विचारा.

रामबागचा_मामा · १९ सप्टेंबर, सकाळी ९:१५

काल उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून भाच्याला जामीन मिळाला. विशेष न्यायालयात ऑगस्टअखेर अर्ज नामंजूर झाला होता, त्या रात्री बहीण माझ्याकडे ओसरीवर रात्रभर बसून होती. मधली मात्रा, आधीचा एकही गुन्हा नाही, शिक्षण चालू, तपासासाठी त्याला आत ठेवायची गरज नाही, यावर वकील बोलले. कॅमेऱ्याची गोष्ट जामिनात पूर्ण उघडायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पंचांच्या उलटतपासणीसाठी ठेवली आहे. मला तेव्हा राग आला होता. आता पटतंय.

दुसऱ्या मुलालाही चार दिवसांनी मिळेल अशी आशा आहे. महिन्यातून एकदा ठाण्यात हजेरी द्यायची आहे.

भाचा घरी आला तेव्हा त्याने चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि आईच्या समोर जाऊन नुसता उभा राहिला. तिने भात वाढला.

मोरारचे_काका · १९ सप्टेंबर, सकाळी ११:४०

डोळे भरून आले. हजेरी एकही चुकवू देऊ नका. आजारी पडला तरी अर्ज देऊन परवानगी घ्या.

रामबागचा_मामा · १८ डिसेंबर, रात्री ९:३०

दोनतीन जणांनी खाली विचारलं म्हणून लिहितो. चालान ५५व्या दिवशी आलं होतं. आरोप निश्चित झाले, दोन्ही मुलांनी "कबूल नाही" म्हटलं. एफएसएलचा रिपोर्ट गांजाचाच आहे, पण काकांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही वजनं शेजारी मांडली तेव्हा मालखान्याच्या नोंदीत आणि तौल पंचनाम्यात फरक निघाला. रजिस्टरची पूर्ण प्रत अजून मिळालेली नाही.

नीमचच्या ताई, तुमच्या दिरांचं कळवा. धागा मी रोज बघतो.

पुढची तारीख १९ जानेवारी. पहिला साक्षीदार मालखान्याचा मुंशी आहे. रजिस्टरच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज मी आज टाइप करून वकिलांकडे दिला, सकाळी भाचाच घेऊन जाणार आहे.